मालकाच्या अर्जावरचे ग्रीन कार्ड : कायद्याची वाटचाल

सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या सदर बझारात, ज्या घरांतली मुले अमेरिकेत नोकरीला आहेत तिथे एक प्रश्न हमखास निघतो. मुलगा दहा-बारा वर्षे तिथे इमानेइतबारे काम करतो आहे, कर भरतो आहे, कंपनीनेही अर्ज केला आहे, तरी ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, का मिळत नाही? याचे उत्तर मुलाच्या कामगिरीत नाही आणि बहुतेक वेळा कंपनीच्या टाळाटाळीतही नाही. ते कायद्याच्या घडणीत आहे, आणि ती घडण समजून घ्यायची तर बरेच मागे जावे लागते.

नोकरीचा करार करून अमेरिकेत उतरणे एके काळी चक्क बेकायदा होते. यादवी युद्धात मनुष्यबळ कमी पडू लागल्यामुळे १८६४ मध्ये परदेशी मजुरांशी आधीच करार करण्यास मुभा देण्यात आली होती. परंतु मालक बाहेरून स्वस्त मजूर आणून इथल्यांची मजुरी पाडतात आणि संप मोडतात, अशी कामगार संघटनांची तक्रार वाढत गेली आणि १८८५ च्या कायद्याने अशा करारांवर बंदी आली. नट, गायक, व्याख्याते अशा काहींनाच त्यातून सूट होती. मालकाविषयीचा हा संशय पुढच्या प्रत्येक कायद्यात या ना त्या रूपाने टिकून राहिला, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आजच्या प्रक्रियेतल्या अनेक चमत्कारिक वाटणाऱ्या अटींचा उलगडा त्याच संशयातून होतो.

भारतीयांसाठी तर दार वेगळ्याच कारणाने बंद होते. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना मज्जाव केला होता. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा मिळाला. १९५२ च्या कायद्याने करारबंदी उठवून कुशल माणसांना प्राधान्य दिले खरे, पण शंभराच्या कोट्यात त्या प्राधान्याचा उपयोग तो किती होणार!

खरा बदल ३ ऑक्टोबर १९६५ रोजी झाला. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्या दिवशी सही केलेल्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढली आणि पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशाला वर्षाला २० हजारांपर्यंत मर्यादा ठरवून दिली. त्यात मोठा वाटा नातेवाइकांचा होता. व्यावसायिकांसाठी १० टक्के आणि इतर कामगारांसाठी आणखी १० टक्के जागा होत्या. त्याच कायद्याने एक महत्त्वाची अट उलटी फिरवली. त्याआधी कामगारमंत्र्याने हरकत घेतली तरच अर्ज अडत असे. आता ‘या कामासाठी इथला माणूस मिळत नाही’ असे प्रमाणपत्र आधी मिळवल्याखेरीज अर्जच पुढे सरकेनासा झाला. यालाच आपली मुले आज ‘लेबर’ म्हणतात.

याच सुमारास आपल्या भागात काय घडत होते, हेही पाहायला हवे. सांगलीत धोंडूमामा साठे यांच्या प्रयत्नांतून १९४७ मध्ये सुरू झालेले आणि पुढे वालचंद म्हणून ओळखले जाऊ लागलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६० चे कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९६२ चे मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे, ज्या पदव्यांना तो नवा कायदा जागा देत होता त्याच पदव्या कृष्णाकाठी मिळू लागल्या होत्या. पुढे १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. साखराळ्याचे राजारामबापू इन्स्टिट्यूट त्याच वर्षीचे. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा इंजिनिअर होणे त्यानंतरच आवाक्यात आले, आणि हे दादांचे मोठे ऋण आहे.

ही पिढी नोकरीला लागत असतानाच अमेरिकेने १९९० चा कायदा केला. नोकरीच्या आधारे द्यायच्या ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला १ लाख ४० हजार ठरली, पाच वर्ग पाडण्यात आले आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही अशी मर्यादा घालण्यात आली. हिशेबाने एका देशाच्या वाट्याला सुमारे ९,८०० कार्डे येतात, आणि त्यांतही पत्नी व मुले मोजली जातात. देश धरला जातो तो जन्माचा, नागरिकत्वाचा नव्हे. त्यामुळे दोन सख्ख्या भावांपैकी मिरजेत जन्मलेला भारताच्या रांगेत उभा राहतो, तर वडील मस्कतला नोकरीला असताना तिथे जन्मलेला धाकटा ओमानच्या खात्यात जाऊन काही वर्षांतच मोकळा होतो. पदवी, कंपनी आणि पगार सारखा असला तरी यात फरक पडत नाही.

त्यानंतर जे झाले त्यात सगळी गोम आहे. कुशल परदेशी माणसांना नोकरीसाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या एच-वन बी व्हिसाची वार्षिक मर्यादा १९९० मध्ये ६५ हजार होती. संगणक क्षेत्राच्या मागणीमुळे ती १९९८ च्या कायद्याने १ लाख १५ हजार आणि २००० च्या कायद्याने, २००३ पर्यंत, १ लाख ९५ हजार झाली. कायम वास्तव्याचा आकडा मात्र जागचा हलला नाही. आत येण्याचे दार तिप्पट रुंद झाले आणि पुढचे तेवढेच राहिले, तेव्हा मधल्या ओसरीत गर्दी होणारच. २००० च्या कायद्याने या गर्दीला दिलासाही दिला: ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असेल तर सहा वर्षांची कमाल मुदत संपल्यावरही एच-वन बी वाढवून मिळू लागला. मुले तिथे इतकी वर्षे राहू शकतात ती या तरतुदीमुळे.

मार्च २००५ पासून ‘लेबर’ची नवी पद्धत आली, जिला ‘पर्म’ म्हणतात. कंपनीने आधी त्या कामाचा प्रचलित पगार सरकारकडून ठरवून घ्यायचा, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे जागा तीस दिवस नोंदवायची आणि दोन वेगवेगळ्या रविवारी छापील वृत्तपत्रात जाहिरात द्यायची. मुलगा त्या खुर्चीवर बसून काम करत असतानाच त्याच खुर्चीसाठी जाहिरात निघते, कारण तपासली जाते ती जागा, माणसाची लायकी नव्हे. अर्ज दाखल झाल्याची तारीख ही त्याची ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजे रांगेतली जागा, होते; तिची पाळी आली की ‘डेट करंट झाली’ असे म्हणतात. पूर्वी एकाच्या नावाने मंजूर झालेले जुने लेबर दुसऱ्याच्या नावावर लावता येत असे आणि त्यातून सौदेबाजी चाले. जुलै २००७ मध्ये ते बंद झाले, हे योग्यच झाले.

त्याच महिन्यात आणखी एक गोंधळ झाला. जवळजवळ सर्व वर्गांच्या तारखा खुल्या केल्याचे, म्हणजे पाळीची वाट न पाहता शेवटचा अर्ज करता येईल असे, जाहीर झाले, लोकांनी वैद्यकीय तपासण्या आणि कागदपत्रे उरकली, आणि २ जुलैला ती घोषणा मागे घेण्यात आली. भारतीयांनी निषेध म्हणून संबंधित कार्यालयाला फुले पाठवली. त्याला गांधीगिरी म्हटले गेले. १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेण्यात आले.

देशनिहाय मर्यादा उठवण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला वेगळा मसुदा संमत केला, पण दोन्हींचा मेळ बसण्याआधीच सभागृहाची मुदत संपली. मर्यादा उठली तर इतर देशांतल्यांची प्रतीक्षा वाढेल, हा विरोधकांचा आक्षेप निराधार नव्हता; एकूण आकडा न वाढवता रांग केवळ नव्याने लावली जाईल, हे खरेच आहे.

या विलंबाची सर्वांत कठीण झळ मुलांना बसते. सांगलीत जन्मून दोन-तीन वर्षांची असताना आईवडिलांबरोबर गेलेली मुले एकविसाव्या वर्षी त्यांच्या अर्जातून बाहेर पडतात. २००२ च्या कायद्याने वयाच्या मोजणीत थोडी सवलत दिली, पण ती मुख्यतः मंजुरीला लागलेल्या दिवसांपुरती आहे. डेट करंट होण्यात गेलेली वर्षे वयातून वजा होत नाहीत, आणि अशा मुलांना विद्यार्थी व्हिसावर नव्याने सुरुवात करावी लागते.