तक्रार आणि हरकत: एकच कागद दोन खिडक्यांवर चालत नाही

वीजदराच्या जाहीर सुनावणीतील एक दृश्य नागपुरातील ग्राहक-कार्यकर्त्यांना तोंडपाठ झाले असेल. एक गृहस्थ उठतात, पिशवीतून वीजबिलांची जाड चळत काढतात आणि चार महिने मीटर बंद दाखवून सरासरीने बिल कसे आले, कनिष्ठ अभियंत्याच्या कार्यालयात किती खेपा घातल्या, हे तपशीलवार सांगतात. सभागृहात टाळ्या वाजतात. व्यासपीठावरील, वीजदर ठरवणाऱ्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे सदस्य शांतपणे ऐकून घेतात, ही बाब तक्रार निवारण मंचाकडे न्यावी असे सुचवतात, कंपनीचा एखादा अधिकारी ग्राहक क्रमांक टिपून घेतो आणि बोलण्याची वेळ संपते. ज्या प्रस्तावासाठी ही सुनावणी बोलावली होती, त्यातील स्थिर आकाराच्या वाढीबद्दल त्या गृहस्थांनी एक अक्षरही उच्चारलेले नसते. बाहेर आल्यावर त्यांची ग्राहक संस्था म्हणते की आयोग ऐकत नाही, आणि आयोगातील मंडळी म्हणतात की संस्था अभ्यास करून येत नाहीत.

या दोघांमधील सहकार्य वाढावे म्हणून कार्यशाळा होतात, ठराव होतात, ‘संवाद’ या शब्दाचा मुबलक वापर होतो. माझ्या मते तक्रार आणि हरकत या दोन कागदांमधील फरक संस्थांनी ओळखला, तर निम्मे काम त्या दिवशीच होईल. गोंधळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. जे जे खुपते त्याला आपण तक्रार म्हणतो, आणि ‘माझी हरकत नाही’ या रोजच्या वाक्यामुळे हरकत म्हणजे निव्वळ विरोध असा समज पक्का झालेला असतो. वास्तविक कायद्यात हरकत बहुधा एकटी येत नाही, तिच्या जोडीला सूचना असते. शहराचा विकास आराखडा असो किंवा वीजदराची याचिका असो, मागवल्या जातात त्या ‘सूचना व हरकती’.

तक्रारीवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही, कारण ती सर्वांना येते. घडून गेलेली एक घटना, एक बाधित ग्राहक, एक ग्राहक क्रमांक आणि एक मागणी एवढे तिचे अंग असते. विजेच्या बाबतीत विद्युत अधिनियम, 2003 मधील कलम 42 प्रमाणे ती वितरण कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावे लागते, वीजचोरी आणि अनधिकृत वापराची प्रकरणे तिथे चालत नाहीत, आणि मंचाच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई आणि नागपूर अशा दोन ठिकाणी आहेत, त्यामुळे विदर्भातील ग्राहकाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. ही वाट चांगली मळलेली आहे आणि तिच्यावरून चालणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल मला आदर आहे. माझा आक्षेप ती वाट सुनावणीच्या सभागृहातून काढण्याला आहे.

खरी मेख हरकतीत आहे. तक्रारीचा विषय घडलेली घटना असतो, तर हरकतीचा विषय दुसऱ्याने लिहिलेले एखादे वाक्य किंवा मांडलेला एखादा आकडा असतो. वितरण कंपनी येत्या काही वर्षांसाठी याचिका दाखल करते, तीत किती वीज लागेल, ती कोणाकडून कोणत्या दराने घेतली जाईल, गळती किती होईल, देखभालीवर किती खर्च येईल याचे अंदाज मांडते, त्यांची बेरीज म्हणजे वार्षिक महसुली गरज दाखवते आणि ती भरून काढण्यासाठी वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार किती असावेत हे सुचवते. हरकतीने या साखळीतील नेमकी एक कडी हाती धरावी लागते. अमुक परिच्छेदातील अमुक आकडा अमुक कारणासाठी मान्य करू नये आणि त्याऐवजी अमुक धरावा, अशा वाक्यात ती बसत नसेल, तर ती अजून हरकत झालेली नाही असे खुशाल समजावे.

‘दरवाढ रद्द करा’ हे वाक्य याच कसोटीवर पडते. रास्त खर्च भरून निघेल असा दर ठरवणे हे आयोगाचे कायद्याने नेमलेले काम आहे. महसुली गरजेची बेरीज तशीच ठेवून एका वर्गाचा दर उतरवला, तर तो बोजा दुसऱ्या वर्गावर जातो. म्हणून बेरजेतील एखादा खर्च अवाजवी आहे हे दाखवल्याखेरीज दर उतरत नाही. एखाद्या वर्गाला सरकारी तिजोरीतून सवलत मिळावी ही मागणी असेल, तर तिचा पत्ता राज्य सरकार हा आहे, कारण कलम 65 नुसार अनुदान सरकारने द्यायचे आणि तेही आगाऊ. आयोगासमोर उभे राहून शासनाकडे करायची मागणी करणारे वक्ते मी इतके ऐकले आहेत की आता त्यांच्या पहिल्या वाक्यावरूनच पुढचे ओळखता येते.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते नागपूरकरांना लागू आहे. आपल्या शहरात हिवाळी अधिवेशन भरते आणि त्या दिवसांत मोर्चांची रीघ लागते. मोर्चा अडवला जातो, शिष्टमंडळ आत जाते, मंत्र्यांच्या हाती निवेदन दिले जाते, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते. लोकशाहीत या पद्धतीला तिचे स्थान आहे, कारण लोकप्रतिनिधीला माणसांची संख्या मोजता येते आणि ती मोजणे त्याचे कामच आहे. पण या सवयीमुळे कोणत्याही सार्वजनिक कार्यालयात जाताना आपण निवेदनच घेऊन जातो. एकाच मजकुराच्या पाचशे प्रती पाचशे सह्यांनिशी आयोगाकडे धाडणे हा मला सर्वांत जास्त खटकणारा प्रकार आहे. तिथे त्या पाचशे कागदांत मुद्दा एकच मोजला जातो, आणि तोही ‘तीव्र निषेध’ असेल तर मोजण्यासारखे काही उरतच नाही.

नियामकाला मुद्दा का लागतो, हे समजल्याखेरीज सहकार्य म्हणजे काय ते कळणार नाही. दर ठरवताना आयोग न्यायालयासारखा वागतो. कलम 64 प्रमाणे अर्जदाराला आपला अर्ज संक्षिप्त रूपात प्रसिद्ध करावा लागतो आणि अर्ज मिळाल्यापासून 120 दिवसांच्या आत, जनतेकडून आलेल्या सर्व सूचना व हरकतींचा विचार करून, आयोगाला आदेश द्यावा लागतो किंवा कारणे नोंदवून अर्ज फेटाळावा लागतो. त्या आदेशाविरुद्ध कलम 111 खाली अपील होऊ शकते आणि तेव्हा आयोगाला आपला प्रत्येक निष्कर्ष अभिलेखावर काय होते त्याच्या आधारे टिकवावा लागतो. एखादा खर्च फुगवलेला आहे असे सदस्यांना मनातून कितीही वाटले, तरी अभिलेखावर तसे म्हणणारा कागद नसेल तर तो खर्च कापणे अवघड होते. तो कागद संस्थेने पुरवायचा असतो. म्हणून नियामकाशी सहकार्य याचा अर्थ चहापानाची ओळख किंवा दालनातील भेट असा कधीच होत नाही. समोरच्या पक्षाच्या पाठीमागे झालेली अशी भेट उलट दोघांनाही अडचणीत आणते. कंपनीलाही प्रत देऊन दाखल केलेली, शपथपत्राच्या भाषेला झेपेल अशी दोन पानी हरकत हेच खरे सहकार्य आहे, भले तिच्यातील सूर आयोगाला अप्रिय असो.

हे पुस्तकी वाटत असेल तर जुनी गोष्ट आठवावी. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग 1999 मध्ये स्थापन झाला. त्याच्यासमोर तेव्हाच्या राज्य वीज मंडळाची पहिली दरप्रक्रिया चालली, तेव्हा पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी गळतीच्या आकड्यांचाच पाठपुरावा केला, आणि वर्षानुवर्षे सांगितल्या जाणाऱ्या आकड्यांपेक्षा गळती कितीतरी जास्त असल्याचे त्या छाननीतून उघड झाले. त्यामागची क्लृप्ती आजही समजून घेण्यासारखी आहे. बिनमीटर कृषिपंपांचा वापर मोजला जात नाही, तो पंपाच्या अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. हा अंदाज चढा धरला की वीज शेतीत वापरली गेली असे दिसते आणि तेवढी गळती कागदावरून नाहीशी होते. म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर वीज चढते आणि अकार्यक्षमता झाकली जाते. ही गोष्ट कोणत्याही एका ग्राहकाच्या तक्रारीतून बाहेर आली नसती, कारण तिचा बळी ठरलेल्या ग्राहकाच्या बिलावर ती कुठे छापलेलीच नसते.

मग तक्रारींचे काय करायचे, त्या घरी ठेवून यायच्या का? अजिबात नाही. त्यांच्यापासून हरकत तयार करता येते, आणि संस्थेचे खरे कौशल्य इथेच लागते. सुरुवातीच्या गृहस्थांचेच उदाहरण घेऊ. त्यांचे बिल दुरुस्त करणे हे मंचाचे काम. परंतु संस्थेकडे एकाच विभागातील अशी साठ बिले जमली असतील, तर याचिकेला विचारण्याजोगा प्रश्न तयार होतो: विक्री म्हणून दाखवलेल्या युनिटांपैकी किती युनिटे प्रत्यक्ष रीडिंगवर आधारलेली आहेत आणि किती सरासरीवर? हे प्रमाण कंपनीने दाखवलेले नसेल तर ते मागवावे, आणि ते मोठे असेल तर त्याच आकड्यांवर उभा असलेला गळतीचा हिशेब जसाच्या तसा स्वीकारू नये, अशी मागणी करता येते. शिवाय मीटर वेळेत बदलण्याची मुदत आणि ती चुकल्यास भरपाई हे विषय आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहिता व कृतीची मानके विनियमांत येतात. तेव्हा अशी भरपाई किती ग्राहकांना प्रत्यक्षात दिली गेली, हेही विचारावे. साठ बिले परिशिष्टात जोडावीत, नावे झाकावीत आणि सभागृहात त्यांतील एकही वाचून दाखवू नये.

पर्यावरणाच्या जनसुनावणीत हाच फरक लागू होतो, मात्र तिथे एक वळण आहे. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॅटच्या दोन नव्या संचांसाठी 2023 च्या मे महिन्यात सुनावणी झाली, तशी सुनावणी 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते आणि जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी तिचे अध्यक्षपद सांभाळतात. वीजदराच्या बाबतीत ऐकणारा आणि ठरवणारा एकच असतो, पण इथे ऐकणारे ठरवत नाहीत. त्यांनी लिहिलेले इतिवृत्त केंद्रातील तज्ज्ञ मूल्यमापन समितीपुढे जाते. त्यामुळे अध्यक्षांना उद्देशून केलेले जळजळीत भाषण वाया जाण्याचा संभव इथे अधिक असतो. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवण्याची तरतूद आहे. भाषण आटोपताच निघून जाणाऱ्या संस्थांना आपला मुद्दा त्यात कसा उतरला, किंवा उतरला की नाही, हे कधीच कळत नाही.

दोष एकाच बाजूचा आहे असे माझे म्हणणे नाही. शेकडो पानांची इंग्रजी याचिका, जिच्या तक्त्यांमागील गणिते सहज हाती लागत नाहीत, आणि तिच्यावर हरकत नोंदवायला मिळणारे मोजके दिवस, ही परिस्थिती एखाद्या तालुक्याच्या गावातील ग्राहक मंडळाला परवडणारी नाही. कलम 94 मधील तिसऱ्या उपकलमाने आयोगाला ग्राहकांच्या वतीने बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. त्याखाली आयोगाने मुंबई ग्राहक पंचायत, प्रयास, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि आपल्या नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन या चार संस्थांना मान्यता दिली होती. या चारपैकी दोन उद्योजकांच्या संघटना होत्या, आणि विदर्भातून जी एकमेव संस्था होती तीही त्याच वर्गातील. उद्योजकांनी आपले काम चोख केले याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. महाल किंवा मोमिनपुऱ्यातील घरगुती ग्राहकासाठी याचिकेचे तक्ते वाचणारे कोणी नव्हते, एवढेच यातून दिसते, आणि ती जागा तक्रारींच्या गठ्ठ्याने भरून निघत नाही.

हरकत दाखल केल्यावर एक काम उरते, ते बहुतेक संस्था करत नाहीत. आयोगाच्या आदेशात आलेल्या हरकती, त्यांवरील कंपनीचे उत्तर आणि आयोगाचा निर्णय अशी विषयवार मांडणी असते. तीत आपला मुद्दा शोधावा. कंपनीने त्याला बगल दिली का आणि आयोगाने ती बगल चालवून घेतली का, हे तिथे उघडपणे दिसते. मुद्दा सरळ गाळला गेला असेल किंवा कारण न देता फेटाळला गेला असेल, तर आदेशाची प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांच्या आत विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो की मूळ हरकत लेखी दिली होती का, आणि तिची पोच कुठे आहे.