मॉसन शिखर

मॉसन शिखर : हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील हर्ड बेटावरचे सर्वोच्च शिखर. उंची २,७४५ मी.; स्थान सुमारे ५३° द. व ७३° ३०′ पू. बेट ऑस्ट्रेलियाचे असले, तरी पर्थपासून ते सुमारे ४,००० किमी. नैर्ऋत्येस आहे. चिपळूणच्या रेखावृत्तावरून सरळ दक्षिणेस निघाले, तर मालदीवनंतर जवळपास नुसता समुद्र लागतो आणि ७,८०० किमी.वर हेच बेट आडवे येते.

मॉसन शिखर व बिग बेन या नावांची नेहमी गल्लत होते. बिग बेन हा अख्खा ज्वालामुखी पर्वत. बेटाचा बहुतेक भाग त्यानेच व्यापला आहे. मॉसन हे त्याचे टोक. माथ्यावरच्या, नैर्ऋत्येकडे फुटलेल्या जुन्या महाकुंडात (ज्वालामुखीच्या माथ्यावरील प्रचंड खळग्यात) नंतर साचलेला हा शंकू. कुंडाबाहेरच्या उतारांवरून हिमनद्या थेट समुद्रापर्यंत उतरतात. ज्वालामुखी जागृत आहे. जानेवारी २०१६ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ या संशोधन जहाजावरील शास्त्रज्ञांना लाव्हा बर्फावरून ओघळताना दिसला. तेही नशीबच, कारण अखंड पश्चिमी वाऱ्यांमुळे माथा बहुधा ढगांतच असतो.

बेटाला नाव मिळाले ते अमेरिकन कप्तान जॉन हर्ड याचे. बॉस्टनहून मेलबर्नला जाताना २५ नोव्हेंबर १८५३ रोजी त्याला ते दिसले. त्याच्या वीस वर्षे आधी, १८३३ मध्ये, पीटर केम्प या ब्रिटिश सील-शिकाऱ्याने ते पाहिले असावे, असे मानतात. पण नाव हर्डचेच टिकले. शिखराचे नाव ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन-न्यूझीलंड अंटार्क्टिक संशोधन मोहिमेचे नेते व भूवैज्ञानिक डग्लस मॉसन यांच्यावरून पडले. १९२९ मध्ये ते बेटावर उतरले होते, शिखरावर मात्र कधी गेले नाहीत. १९४७ च्या अखेरीस ब्रिटनने बेटाचा ताबा ऑस्ट्रेलियाकडे दिला.

माथ्यावर पहिले पाऊल पडले २५ जानेवारी १९६५ रोजी. वॉरिक डीकॉक यांच्या नेतृत्वाखालील पाच जणांनी ही चढाई केली. त्यांना आणणाऱ्या ‘पटनेला’ या शिडाच्या जहाजाचे कप्तान होते हिमालयात नाव कमावलेले गिर्यारोहक बिल टिलमन, पण ते जहाजावरच राहिले. या किनाऱ्याला बंदर नाही. जहाज सोडून कप्तानाने डोंगर चढणे परवडणारे नव्हते.

ऑस्ट्रेलियातील सर्वांत उंच शिखर म्हणून कोशियुस्को (२,२२८ मी.) सांगितले जाते. ते मुख्य भूमीपुरतेच खरे. मॉसन त्याहून ५१७ मी. उंच आहे.