पाव सेकंदाची ताकद

बेळगावातल्या बऱ्याच जणांना गोल्फचं मैदान ठाऊक झालं ते बिबट्यामुळे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जाधवनगरात दिसलेला बिबट्या गोल्फच्या झाडीत असल्याचं कळलं, आसपासच्या शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या, शोधायला शिमोग्याकडच्या सक्रेबैलच्या छावणीतून हत्ती आणले, आणि तरी त्या जनावरानं कित्येक दिवस सगळ्यांना गुंगारा दिला. त्याआधी कुंपणापलीकडचा तो खेळ म्हणजे साहेब लोकांचं सकाळचं काठी घेऊन फिरणं, एवढीच आपली समजूत. व्यायामाचा आणि त्याचा काय संबंध?

मीही असंच समजत होतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर, गुडघे, खांदे हा माझा रोजचा बाजार. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त कर्नलसाहेब आले, वय अडुसष्ट. तक्रारी दोन. पहिली, सकाळी उठताना कंबर धरते. दुसरी त्यांनी जरा ओशाळून सांगितली: चेंडू पूर्वीसारखा लांब जात नाही. त्यांच्या मते या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, एक माझ्याकडची आणि एक नशिबाची. मला दोन्हींचं मूळ एकाच जागी दिसत होतं, पण ते त्यांना पटवण्यासाठी मला आधी गोल्फचं गणित समजून घ्यावं लागलं.

लांब फटक्यासाठी जी काठी वापरतात तिला ड्रायव्हर म्हणतात. तिच्या टोकाच्या डोक्याचं वजन साधारण २०० ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम कांद्यांएवढं. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. मागे नेलेली काठी खाली चेंडूपर्यंत आणायला लागतो जेमतेम पाव सेकंद, आणि चेंडू काठीला चिकटून असतो तो सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता. हौशी पुरुष खेळाडूच्या काठीचं टोक त्या क्षणी ताशी १५० किलोमीटरच्या आसपास असतं, व्यावसायिकाचं १८५ च्या आसपास. वेगात फरक पावपटीचाही नाही, पण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणून व्यावसायिकाच्या काठीत ऊर्जा जवळजवळ दीडपट असते. हिशेब केला तर त्या २०० ग्रॅमच्या डोक्यात साधारण २६० ज्यूल भरावे लागतात, तेही पाव सेकंदात. म्हणजे सरासरी हजार वॉट, जवळपास १.४ अश्वशक्ती. घरच्या विहिरीवर एक-दीड एचपीची मोटर बसवतो ना, तेवढी. हातांना आणि काठीच्या दांड्याला हलवायला लागते ती ताकद यात धरलेलीच नाही.

एवढी ताकद दंडातून येत नाही. दंडाचा स्नायू त्या मानानं चिमुकला. शरीरातले मोठे स्नायू आहेत ते नितंबांत आणि मांड्यांत.

हे मला पुस्तकाआधी खानापुराकडच्या आजोळी कळलं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. मळणीला आम्ही शहरातली पोरं खळ्यावर जायचो. मामी पाच फुटांची, अंगानं किडकिडीत. भाताची पेंडी दोन्ही हातांनी डोक्यामागे न्यायची. डावा पाय पुढे पडायचा, टाच शेणानं सारवलेल्या जमिनीत दाबली जायची, मग खुबे वळायचे, मग खांदे, आणि हात सगळ्यांत शेवटी, जणू मागून ओढत आणल्यासारखे. पेंडी फळीवर आदळली की दाणे पावसासारखे उडायचे. दोन-तीन फटक्यांत पेंडी रिकामी. मी दात-ओठ खाऊन हातांनी आपटायचो. दाणे जिथल्या तिथे, आणि संध्याकाळी खांदे भरून यायचे. मामा बांधावर बसून तंबाखू मळत म्हणायचा, "हातानं मारूलालास. पायानं मार की."

मामाचं म्हणणं प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. चांगल्या गोल्फपटूच्या अंगाला मोजमापाची यंत्रं लावली की हाच क्रम दिसतो: आधी कटी, म्हणजे खुब्यांचा भाग, वेग घेते आणि थबकते, तिचा वेग छातीकडे जातो, छाती थबकली की हातांकडे, हात मंदावले की काठीकडे. आसुडाची मूठ थांबते तेव्हाच टोक कडाडतं, तसंच. पायांखाली जोर मोजणाऱ्या पाट्या ठेवल्या तर पुढच्या पायाखाली शरीराच्या वजनापेक्षा जास्त भार नोंदला जातो. हे खोटं वाटत असेल तर घरातल्या वजनकाट्यावर उभे राहा, थोडं खाली बसा आणि झटकन उठा. काटा क्षणभर तुमच्या वजनाच्या बराच पुढे जाईल. त्या क्षणी तुम्ही जमिनीला ढकलता आणि जमीन तुम्हाला. गोल्फमध्ये ढकलण्याची वेळ साधायची असते, बाकी काही नाही.

पण इथेच एक अडचण आहे, आणि व्यायामाचं सगळं शास्त्र तिच्याभोवती फिरतं. स्नायूला आपली पूर्ण ताकद लावायला ०.३ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. इकडे फटका तर पाव सेकंदात आटोपतो. म्हणजे तुमच्याकडे कितीही ताकद असो, ती सगळी वापरायला वेळच मिळत नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत करावं लागतं. आधी ताकदीची एकूण मर्यादा वाढवायची, कारण मोठ्या हंड्यातून पाव सेकंदात निघणारं पाणीही जास्त असतं. मग तोटी मोठी करायची, म्हणजे तीच ताकद झटक्यात काढायची सवय मज्जासंस्थेला लावायची. पहिल्या काही आठवड्यांत माणूस जो ताकदवान होतो तो मुख्यतः या दुसऱ्या वाटेनं. स्नायू अजून तेवढेच असतात, मेंदू त्यातले जास्त तंतू एकदम कामाला लावायला शिकतो.

आता कर्नलसाहेबांची कंबर. कमरेचे पाच मणके सगळे मिळून जेमतेम १०-१५ अंश पीळ सहन करतात. त्यांची ठेवण वाकायला आहे, वळायला नाही. वळायचं काम छातीच्या मणक्यांचं आणि खुब्यांचं. ऑफिसच्या खुर्चीत, गाडीत, टीव्हीपुढे वर्षं गेली की नेमके हेच दोन आखडतात. मग काठी मागे नेताना लागणारा पीळ शरीर कुठून तरी काढतंच, आणि तो कमरेतून काढतं. फटक्याच्या वेळी कमरेच्या चकत्यांवर शरीराच्या वजनाच्या आठपटीपर्यंत दाब मोजला गेला आहे. सत्तर किलोच्या माणसाला हे साडेपाचशे किलोच्या वर जातं. एका सकाळी सरावाचे फटके धरून शंभरेक वेळा. कंबर धरते यात नवल काय? खुबे वळत नाहीत म्हणून फटका आखूड, आणि खुबे वळत नाहीत म्हणूनच कंबर दुखरी.

हे सगळं कळूनही मी स्वतः एकदा फसलोय. साहेबांच्या नादानं मीही वर्षभर गोल्फ खेळलो आणि एका जिममध्ये नाव घातलं. तिथल्या पोरगेल्या ट्रेनरनं मला बसून कंबर पिळायच्या यंत्रावर बसवलं, वजन लावलं आणि म्हणाला, "सर, जोरात. गोल्फला हेच लागतं." मीही मुकाट्यानं केलं. फिजिओथेरपिस्ट असून! बसल्यावर खुबे जखडलेले, म्हणजे सगळा पीळ त्या पाच मणक्यांवर. चौथ्या दिवशी बूट घालायला वाकलो तो तसाच राहिलो. तीन आठवडे घरात. कमरेच्या स्नायूंचं काम पिळणं नसून पीळ अडवणं आहे, हे मी दिवसाला दहा जणांना सांगतो.

पुन्हा सुरुवात केली ती तालमीत. शहापुरातल्या एका जुन्या तालमीत लहानपणी जायचो, वस्ताद अजून येतात. बेळगावला कुस्ती नवी नाही, आनंदवाडीच्या आखाड्यात अजून मैदानं भरतात. तालमीच्या कोपऱ्यात करेल, म्हणजे जड लाकडी मुद्गल, आणि गदा उभ्या होत्या. करेल डोक्यामागून फिरवताना नीट लक्ष दिलं तर कळतं की पाय रुतलेले, कंबर स्थिर, आणि छाती व खांदे पूर्ण वर्तुळात मोकळे होतात. मूठ आवळलेली राहते ती वेगळीच. गोल्फपटूला जे हवं ते जवळजवळ सगळं. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात इंग्रज सैन्यानं हे मुद्गल इथून उचलून विलायतेत नेले, तिथे त्यांची एवढी टूम निघाली की १९०४ आणि १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धा होती. तेच साहेब इकडच्या छावण्यांत गोल्फ घेऊन आले. देवाणघेवाण बरोबरीची झाली, फक्त आपण आपलं कोपऱ्यात ठेवलं.

वस्तादांना न पटणारी एक गोष्ट मात्र सांगतो. पाचशे बैठका मारणं म्हणजे ताकद नव्हे, दम आहे. कुस्तीत दम लागतोच, गोल्फमध्ये नाही. जो व्यायाम तुम्ही सलग शंभर वेळा करू शकता त्यातून पाव सेकंदाची ताकद वाढत नाही. त्यासाठी ओझं इतकं हवं की पाच-सहा वेळांनंतर थांबावंसं वाटेल, आणि मग दोन-तीन मिनिटं खरोखर थांबायला हवं. मी हे म्हणालो तेव्हा वस्तादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हनुमानाच्या फोटोकडे पाठ करून बसलोय.

सगळ्यांत उपयोगी व्यायाम बघायचा असेल तर रविवार पेठेत सकाळी उभे राहा. ट्रकमधून पोती उतरतात तिथे. जुना हमाल पोत्यापाशी आला की आधी ढुंगण मागे नेतो, पाठ फळीसारखी सरळ ठेवतो, पोतं अंगाशी घेतो आणि खुब्यातून उभा राहतो. नवखा पोरगा पाठीची कमान करून उचलतो आणि दुपारी भिंतीला टेकून बसलेला असतो. जिममध्ये हमालाच्या या हालचालीला डेडलिफ्ट म्हणतात. तिच्या जोडीला खोल बैठक, एका पायावरची बैठक, जोर, आणि काहीतरी स्वतःकडे ओढण्याचा व्यायाम. आठवड्यातून दोन दिवस, चाळीसेक मिनिटं, दर पंधरवड्याला थोडं वजन वाढवत. दोन महिन्यांनी वेगाचं काम: जागच्या जागी उंच उड्या, आणि चार-पाच किलोचा वाळू भरलेला चेंडू भिंतीकडे खांदा करून उभं राहून तिच्यावर फेकणं. फेक खुब्यातून निघाली पाहिजे. पाच-सहा फेकी, मग विश्रांती. दमल्यावर फेकत राहिलात तर शरीर सावकाश फेकायलाच शिकतं. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरला विचारा आणि वजन उचलताना श्वास कोंडू नका. खेळाआधी उभ्या-उभ्या मिनिटभर ताण देत बसण्याची पद्धत सोडा, त्यानं स्नायूची उसळी तात्पुरती कमीच होते. हातपाय फिरवून अंग गरम केलं तरी पुरे.

"पण वजनं उचलून अंग ताठ होतं ना?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. गोल्फच्या जगातही कित्येक वर्षं हेच म्हणायचे. दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअर पन्नास-साठच्या दशकांत वजनं उचलायचा तेव्हा लोकांनी त्याची कारकीर्द संपल्यात जमा केली होती. त्यानं नऊ मोठ्या स्पर्धा जिंकल्या, शेवटची १९७८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. सांध्याच्या पूर्ण आवाक्यात वजन उचललं तर लवचिकता ताणाच्या व्यायामांइतकीच वाढते, हे अलीकडच्या अभ्यासांतून स्पष्ट झालंय. ताठ होतो तो अर्धवट बैठका मारणारा.

वयाचं काय, हा कर्नलसाहेबांचा प्रश्न होता. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा ३ ते ८ टक्के भाग जातो, साठीनंतर वेगानं. त्यातही आधी आटतात ते झटक्याचे तंतू, नेमके फटक्याचे. पण ही वाट उलटी चालता येते. अमेरिकेत १९९० मध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला, पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. २००७ च्या एका अभ्यासात सत्तरीच्या सरासरी वयाच्या गोल्फपटूंच्या काठीचा वेग आठ आठवड्यांत सुमारे ५ टक्क्यांनी वाढला. ५ टक्के म्हणजे चेंडू साधारण आठ-दहा मीटर पुढे.

साहेबांना एक समाधान मी आधीच दिलं होतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, हवा पणजीपेक्षा विरळ. पणजीत दोनशे मीटर गेलेला चेंडू इथे पाच-सहा मीटर जास्त जायला हवा. ते म्हणाले, "म्हणजे मी समजत होतो त्याहून वाईट खेळतोय."

शेवटी एका सोमवारी त्यांना तालमीत घेऊन गेलो. पांढरा टी-शर्ट, पायांत महागडे बूट, साहेब सरळ कुस्तीच्या मातीच्या हौदाकडे चालले. वस्ताद भिंतीला टेकून बसले होते, ते उठलेसुद्धा नाहीत.

"बूट भाईर काढा, साहेब. मातीत पाय रुतायला पायजे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, उंबऱ्यावर बसले आणि नाडी सोडायला लागले. वाकताना आधी ढुंगण मागे नेलं, हे मी पाहिलं.