उच्च-उपलब्धता क्लस्टर : उभारणीच्या पद्धतीची निवड

एक सर्व्हर बंद पडला तरी कंपनीचे सॉफ्टवेअर चालू राहावे म्हणून दोन किंवा अधिक सर्व्हर जोडून केलेली रचना म्हणजे उच्च-उपलब्धता क्लस्टर. त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक नोड. एका नोडने मान टाकली की दुसरा काम हाती घेतो, याला फेलओव्हर म्हणतात. 99.9 टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद, तर 99.99 टक्के म्हणजे जेमतेम 53 मिनिटे.

नाशिकमध्ये अशा क्लस्टरची गरज मुख्यतः सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत भासते. वाहने, सुटे भाग, विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांचा साठा आणि बिले सॅपसारख्या व्यवसाय-प्रणालीवर असली, की ती थांबताच यंत्रे लगेच थांबत नाहीत. आधी अडतो तो गेटवरचा ट्रक. बिल आणि ई-वे बिल निघाल्याशिवाय त्याला हलता येत नाही.

लिनक्सवर नोडमधला संवाद कोरोसिंक सांभाळते आणि कोणती सेवा कुठे चालवायची ते पेसमेकर ठरवते. खरा धोका नोड मरण्यात नसून संवाद तुटण्यात असतो. दोन्ही नोड जिवंत, पण दुसरा गेला असे प्रत्येकाला वाटते आणि दोघेही डेटाबेसवर हक्क सांगतात. एका म्यानात दोन तलवारी. म्हणून संशयित नोडची वीज तोडणारी किंवा त्याला सक्तीने रीबूट करणारी फेन्सिंगची व्यवस्था लागते. तिचे रांगडे नाव स्टोनिथ. ‘दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ही आद्याक्षरे. चाचणीत त्रास नको म्हणून ती बंद ठेवणारे भेटतात. तसा क्लस्टर नसलेलाच बरा.

उभारणीच्या पद्धती ढोबळमानाने तीन. हाताने आज्ञा देऊन, म्हणजे सुसे या लिनक्सवर सीआरएम शेल आणि रेड हॅट लिनक्सवर पीसीएस ही आज्ञासाधने वापरून, काम सावकाश होते. पण प्रत्येक ओळ का लिहिली हे करणाऱ्याला ठाऊक असते. विझार्डने, म्हणजे टप्प्याटप्प्याने मांडणी करून देणाऱ्या तयार साधनाने, तासाभरात क्लस्टर उभा राहतो, मात्र काही निर्णय तो न विचारता घेऊन टाकतो. सॅप हाना डेटाबेससाठीच्या क्लस्टरमध्ये ‘ऑटोमेटेड रजिस्टर’ हे मूल्य मुळात बंद असते. तसेच राहू दिले, तर फेलओव्हरनंतर जुना मुख्य नोड आपोआप राखीव नोड होत नाही. कोणी हाताने नोंदवेपर्यंत कारखाना एकाच सर्व्हरवर चालतो, आणि स्क्रीनवर सगळे सुरळीत दिसत असल्याने हे कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय विझार्डचे आयुष्य क्लस्टरपेक्षा कमी असू शकते: सुसेच्या 16 व्या आवृत्तीतून असे विझार्ड पुरवणारे यास्ट हे साधनच गेले.

तिसरी पद्धत ॲन्सिबल या स्वयंचलन साधनाची. क्लस्टरचे वर्णन फाइलमध्ये लिहायचे आणि तीच फाइल चाचणी व प्रत्यक्ष प्रणालीवर चालवायची. दहा-वीस क्लस्टर असतील तर हिला पर्याय नाही. पण रेड हॅटची क्लस्टर भूमिका (ॲन्सिबलसाठीचा तयार आज्ञासंच) आधीची मांडणी काढून फाइलमधली मांडणी बसवते. रात्री दोन वाजता कुणी हाताने केलेली दुरुस्ती फाइलमध्ये उतरली नसेल, तर पुढच्या वेळी ती नाहीशी होते. ज्या विभागात दोनच माणसे आहेत आणि क्लस्टर एकच, तिथे विझार्डने उभारून संपूर्ण मांडणी मजकूर म्हणून उतरवून ठेवणे आणि तिची प्रत्येक ओळ समजून घेणे जास्त शहाणपणाचे. सल्लागार कंपनी ॲन्सिबलचा आग्रह धरते तेव्हा ती निघून गेल्यावर फाइल कोण वाचणार, हे आधी विचारावे.

पद्धतीआधी नोडची जागा ठरवावी लागते. हानाच्या समकालिक प्रतीकरणात, म्हणजे डेटाची प्रत त्याच वेळी दुसरीकडे ठेवताना, दुसऱ्या नोडने नोंद लिहिल्याची पोच आल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. सातपूर आणि अंबडमध्ये काही किलोमीटरचेच अंतर असल्याने हा विलंब जाणवत नाही. मुंबई मात्र सुमारे 170 किलोमीटरवर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन पावणेदोन मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत नसते. हा विलंब प्रत्येक व्यवहाराला लागतो. त्यामुळे जोडी नाशिकमध्ये आणि मुंबई किंवा पुण्यात असमकालिक, म्हणजे पोचेची वाट पाहायला न लावणारी, तिसरी प्रत, ही मांडणी सोयीची पडते.

क्लाउडवर गेल्यास कारखान्यातला विझार्ड जसाच्या तसा चालत नाही. स्थानिक नेटवर्कवर वापरकर्ते ज्याला जोडले जातात तो फिरता आयपी पत्ता नव्या नोडकडे सहज जातो. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरवर त्यासाठी लोड बॅलन्सर (येणारी मागणी योग्य नोडकडे वळवणारी सेवा), तर ॲमेझॉनच्या क्लाउडवर नेटवर्कच्या मार्गतक्त्यात बदल लागतो.

पद्धत कोणतीही असो, क्लस्टर ताब्यात घेण्यापूर्वी दोन केबली वेगवेगळ्या वेळी ओढून पाहतात: विजेची आणि नेटवर्कची. पहिल्या चाचणीत बहुतेक क्लस्टर पास होतात. फेन्सिंग नीट बसले आहे का, ते दुसरीत कळते.