व्हॅनिला आला कुठून? बर्बन चाखण्याच्या भाषेची पार्श्वभूमी

बर्बनबद्दल, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकी व्हिस्कीबद्दल, कुणीही चार ओळी लिहिल्या की त्यांत व्हॅनिला, कॅरॅमल आणि ओक (पिंपाचं लाकूड) हे तीन शब्द हमखास येतात. नव्याने वाचणाऱ्याला वाटतं, एकाचं बघून दुसरा लिहितोय. थोडंफार तसं होतंही. पण या तीन शब्दांचं खरं कारण अमेरिकेच्या कायद्यात सापडतं. आणि व्हिस्की हुंगून, घोळवून तिच्याविषयी बोलायची सवय लागली ती रसिकतेपोटी कमी, संशयापोटी जास्त.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत व्हिस्की पिंपातून विकली जायची. ग्राहक आपलं भांडं किंवा बाटली घेऊन यायचा आणि दुकानदार ती भरून द्यायचा. मधल्या हातांनी त्यात काय मिसळलं हे कळायला मार्ग नव्हता. रेक्टिफायर म्हणून ओळखले जाणारे व्यापारी होते. त्यांतले काही जण वेगवेगळ्या पिंपांतला माल एकत्र करून चवीत सारखेपणा आणत, तो सरळ धंदा होता. बाकीचे जवळजवळ बिनचवीच्या स्पिरिटमध्ये जळक्या साखरेचा रंग आणि सुक्या प्लमचा रस घालत आणि ‘जुनी बर्बन’ म्हणून ते खपवत. त्यामुळे घेणाऱ्याचा पहिला प्रश्न चव कशी आहे हा नसायचाच. ही व्हिस्की आहे का, हा असायचा.

त्या काळच्या परीक्षाही त्याच हिशेबाने होत्या. बाटली जोरात हलवायची आणि वर जमणारी बुडबुड्यांची माळ बघायची. व्यापारी तिला ‘बीड’ म्हणत. अल्कोहोल ५० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर बुडबुडे मोठे येतात आणि टिकतात. पाणी घातलेल्या मालात ते बारीक येतात आणि लगेच विरतात. भेसळवाल्यांनी यावरही तोड काढली आणि बुडबुडे टिकवणारं ‘बीडिंग ऑइल’ वापरायला सुरुवात केली. दुसरी परीक्षा तळहाताची. दोन थेंब हातावर घेऊन चोळायचे, अल्कोहोल उडून जाऊ द्यायचं आणि मग हात हुंगायचा. मागे उरतो तो धान्याचा आणि लाकडाचा वास. ही युक्ती आजही चालते, आणि फार तेज मालासमोर नाक बधिर झालं असेल तेव्हा ग्लासपेक्षाही उपयोगी पडते.

अल्कोहोलचं प्रमाण सांगणारा ‘प्रूफ’ हा शब्दही याच संशयाच्या घरातला. दारूत भिजवलेली बंदुकीची दारू पेटली की माल पुरेसा तेज, ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण मोजमाप म्हणून ती कच्चीच होती. ब्रिटनने १८१६ साली कायद्याने साइक्सचा हायड्रोमीटर (दारूतलं अल्कोहोल मोजायचं उपकरण) स्वीकारला, तेव्हा आकड्याला अर्थ आला. ब्रिटिश १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के. अमेरिकी हिशेब सोपा, टक्केवारीच्या दुप्पट, म्हणजे १०० प्रूफ बरोबर ५० टक्के. जुन्या ब्रिटिश लेबलवरचं ‘७० प्रूफ’ वाचून ती ३५ टक्क्यांची पातळ व्हिस्की समजणारे अजूनही भेटतात. प्रत्यक्षात ती साधी ४० टक्क्यांची असते.

भेसळीवर पहिला व्यापारी उतारा केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राउन यांनी काढला. १८७० पासून त्यांनी ओल्ड फॉरेस्टर ही आपली बर्बन फक्त सीलबंद बाटलीतून विकायला घेतली. कायद्याचा उतारा १८९७ च्या ‘बॉटल्ड-इन-बाँड’ कायद्याने आला. त्यामागे कर्नल एडमंड हेन्स टेलर यांच्यासारखे डिस्टिलर आणि अर्थमंत्री जॉन कार्लाइल होते. अटी नेमक्या होत्या. माल एकाच डिस्टिलरीचा आणि एकाच हंगामातला हवा (जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर), सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान ४ वर्षं मुरलेला हवा आणि बाटलीत बरोबर १०० प्रूफचा हवा. चवीबद्दल या कायद्यात एक अक्षर नाही. पण चव सांगणाऱ्याला त्याने पाया दिला. डिस्टिलरी, वय आणि तेजी (अल्कोहोलचं प्रमाण) ठरलेली असल्यामुळे दोन बाटल्यांची तुलना पहिल्यांदाच शक्य झाली. आजही नवशिक्याने बर्बनची ओळख बाँडेड बाटलीपासून करून घ्यावी हे माझं मत आहे, कारण तिथे तेजीचा फरक मध्ये येत नाही. पुढे १९०६ चा अन्न-औषध कायदा आला. व्हिस्की नेमकी कशाला म्हणायचं यावर वाद पेटला आणि १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी निवाडा दिला. धान्यापासून काढलेल्या स्पिरिटला व्हिस्की म्हणता येईल, पण ती सरळ (‘स्ट्रेट’) आहे की मिश्रित हे लेबलवर सांगावं लागेल.

आता पिंप. एलायजा क्रेग नावाच्या पाद्र्याने पिंप जाळून बर्बन शोधली, ही आख्यायिका जाहिरातींना सोयीची आहे. पुरावा तिला नाही. त्यापेक्षा १८२६ चं एक पत्र भक्कम आहे. केंटकीतल्या लेक्झिंग्टनच्या एका किराणा व्यापाऱ्याने जॉन कॉर्लिस या डिस्टिलरला लिहिलं होतं की पिंप आतून इंचाच्या सोळाव्या भागाएवढं जाळलं तर माल बराच सुधारतो, असं कानावर आलं आहे. म्हणजे ही युक्ती तेव्हा बाजारात फिरत होती, कुणा एकाची नव्हती.

पण जाळलेलं पिंप वापरणं ही चाल होती, सक्ती नव्हती. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात उठली, नवे नियम लिहिले गेले आणि मग ती सक्ती झाली. आजची बर्बनची व्याख्या त्यातूनच उतरली आहे. माल अमेरिकेत बनलेला, धान्यात किमान ५१ टक्के मका, ऊर्ध्वपातन १६० प्रूफच्या वर नाही, पिंपात भरताना १२५ प्रूफच्या वर नाही, आणि पिंप आतून जाळलेलं, नव्या ओकचं. ‘स्ट्रेट’ म्हणायचं तर किमान २ वर्षं मुरवणूक, आणि ४ वर्षांच्या आत असेल तर वय छापणं बंधनकारक. बर्बनमध्ये वरून रंग किंवा स्वाद घालता येत नाही. केंटकीतच बनली पाहिजे अशी अट मात्र कुठेही नाही.

या यादीतला ‘नव्या’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. ओक तापतं तेव्हा त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं, तोच हा व्हॅनिला. हेमिसेल्युलोजमधल्या साखरा करपून कॅरॅमल आणि भाजक्या बदामासारखा वास देतात. ओकच्या लॅक्टोनमधून नारळ येतो आणि युजिनॉलमधून लवंग. अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये हा लॅक्टोन भरपूर असतो. वरचा कोळशाचा थर गंधकाचे वास शोषून घेतो, त्याच्या खालचा तांबूस थर स्वाद देतो. ‘चार नंबरचा’ जाळ म्हणजे साधारण ५५ सेकंदांची आग. तिने लाकूड मगरीच्या पाठीसारखं भेगाळतं. दर वेळी नवं पिंप वापरायचं म्हणजे हा सगळा ऐवज दर वेळी पहिल्या धारेचा मिळतो. स्कॉटलंडला जातं ते यातलंच वापरून झालेलं पिंप. त्यातला जोर ओसरलेला असतो, म्हणून स्कॉचच्या वर्णनात धूर, फळं, फुलं, मेण यांना जागा मिळते. म्हणूनच बर्बनच्या चवीच्या टिपणात नुसतं ‘व्हॅनिला’ लिहिलं तर माहिती शून्य. कितपत, कशासोबत आणि घोटाच्या कुठल्या टप्प्यावर, हे आलं तर काही सांगितलं.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पिंपात भरण्याची मर्यादा १९६२ पर्यंत ११० प्रूफ होती, ती नंतर १२५ झाली. कमी तेजीवर भरलेल्या मालात पाणी जास्त असतं. लाकडातल्या साखरा पाण्यात अधिक विरघळतात, आणि बाटली भरताना वरून पाणीही कमी घालावं लागतं. जुन्या बाटल्या चाखणारे ‘तोंडात दाट लागते’ म्हणतात, त्याचं एक कारण हे असू शकतं. सगळं श्रेय जुन्या दिवसांच्या हळवेपणाला द्यायची गरज नाही.

पण सगळंच पिंपाच्या खात्यावर टाकणंही चूक. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा, तो यीस्ट आंबवताना तयार करतं. फोर रोझेस या बर्बन डिस्टिलरीची पद्धत इथे शिकण्यासारखी आहे. त्यांची धान्यमिश्रणं दोन. एकात ७५ टक्के मका आणि २० टक्के राय (गव्हासारखं एक धान्य), दुसऱ्यात ६० टक्के मका आणि ३५ टक्के राय, उरलेलं ५ टक्के दोन्हींत माल्टेड (मोड आणलेली) बार्ली. त्यांना पाच यीस्ट लावून दहा वेगळ्या बर्बन बनतात, आणि एकाच पिंपाच्या बाटलीवर त्या पाककृतीची चार अक्षरांची खूणही असते. राय वाढली की मिरी आणि पुदिन्याकडे झुकणारा तिखटपणा येतो. मेकर्स मार्क या बर्बनने रायऐवजी गहू घेतला (७० टक्के मका, १६ टक्के गहू, १४ टक्के माल्टेड बार्ली), म्हणून ती गोड आणि मऊ वाटते. राय आणि ओक दोघांचा ‘मसाला’ वेगळा ओळखता येतो. रायचा जिभेवर लवकर चढतो, ओकचा गिळल्यानंतर तुरटपणासोबत मागाहून येतो.

चवीची भाषा मात्र अमेरिकेत घडली नाही. ती एडिंबरोच्या प्रयोगशाळेत घडली. पेंटलंड्स स्कॉच व्हिस्की रिसर्चच्या मंडळींनी १९७९ मध्ये वासांचं चक्र मांडलं. आत मोठे गट, बाहेर त्यांचे बारीक भेद. हे पिणाऱ्यांसाठी नव्हतं. एका डिस्टिलरीतला माणूस ‘साबणासारखं’ म्हणतो आणि दुसरीकडचा रसायनज्ञ तेच ऐकतो, एवढाच हेतू. त्यामुळे चक्रात दोषांनाही मानाचं स्थान होतं. गंधक, ओला पुठ्ठा, घामट चामडं, नेलपॉलिश, सगळं आहे. शेवटचा वास इथिल अॅसिटेटचा. ऊर्ध्वपातनात सुरुवातीची धार वेळेत बाजूला काढली नाही तर तो राहतो. शेवटची धार उशिरापर्यंत गोळा केली तर घामट, चीजसारखा वास शिरतो. उत्साही मंडळींनी पुढे हे चक्र उचललं, पण दोषांचा अर्धा भाग मागेच राहिला, आणि टिपणं मिठाईच्या दुकानासारखी झाली.

कल्पनाविलासाला दार उघडलं ते एडिंबरोच्या लीथ बंदरात, १९८३ साली. स्कॉच मॉल्ट व्हिस्की सोसायटीने एकेका पिंपाच्या बाटल्या काढल्या, पण लेबलवर डिस्टिलरीचं नाव न घालता फक्त क्रमांक छापला. नाव नाही म्हटल्यावर विकायचं कशावर? वर्णनावर. १९८९ मध्ये मायकेल जॅक्सन (बिअर आणि व्हिस्कीवर लिहिणारे, गायक नव्हेत) यांनी मॉल्टना (माल्टेड बार्लीच्या व्हिस्कींना) शंभरपैकी गुण दिले आणि तीही चाल रुळली. बर्बनकडे तोवर गिऱ्हाइकाने पाठ फिरवली होती. १९७० च्या दशकात व्होडकाने अमेरिकी व्हिस्कीला विक्रीत मागे टाकलं होतं. उत्तर म्हणून १९८४ मध्ये एल्मर टी. ली यांनी ब्लँटन्स ही एकाच पिंपाची बर्बन बाजारात आणली, आणि १९८८ मध्ये बुकर नो यांची पाणी न घातलेली, न गाळलेली बुकर्स आली. ब्रँडची चव कायम एकसारखी ही जुनी हमी इथे मोडली. केंटकीच्या उंच गोदामात वरचे मजले तापतात, तिथे अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं आणि तेजी वाढत जाते, तर तळमजल्यावर मुरवणूक संथ चालते. एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं आठ वर्षांनी अनोळखी वाटू शकतात. टिपणाला खरी गरज इथून निर्माण झाली, आणि म्हणूनच पिंपाचा क्रमांक नसलेलं एकल पिंपाचं टिपण फारसं कामाचं नाही.

पाण्याबद्दलचा वाद जुना आहे. स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकी प्रतिरूपातून दाखवलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या आत असताना धुराचा वास देणारं ग्वायाकॉल पृष्ठभागाशी राहतं, आणि ५९ टक्क्यांच्या वर ते अल्कोहोलच्या गराड्यात आत ओढलं जातं. ब्लेंडर (वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून चव जुळवणारे लोक) तर पिढ्यानपिढ्या सुमारे २० टक्क्यांवर आणूनच हुंगतात. हिशेब सोपा आहे. ६० टक्क्यांच्या १५ मिलि व्हिस्कीत ३ मिलि पाणी घातलं की ती ५० टक्क्यांवर येते, ३० मिलि घातलं की २० टक्क्यांवर. पाणी थेंबाथेंबाने घालावं, कारण जास्त झालेलं काढता येत नाही. काही माल पाण्याने साबणासारखा होतो किंवा गढूळ दिसतो. गढूळपणा लांब साखळीच्या एस्टरांचा, तो दोष नव्हे. तो टाळायला बाटली भरण्याआधी थंड करून गाळतात आणि त्यात थोडी जाडीही जाते.

ग्लासचा इतिहास त्या मानाने छोटा. शेरी या स्पॅनिश वाइनच्या गोदामांतला कोपिता हा अरुंद तोंडाचा ग्लास ब्लेंडरनी उचलला. त्याच धर्तीवर, पण जाड बुडाचा ग्लेनकेर्न ग्लास २००१ मध्ये आला. वाइनसारखा तो गरागरा फिरवला तर आधी अल्कोहोलच उसळतं आणि नाक दहा मिनिटं बाद होतं. ओठ किंचित उघडे ठेवून, ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणावा. एका बैठकीत चारच्या पुढे नमुने नकोत. क्रम कमी तेजीकडून जास्त तेजीकडे, धुराची सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला तर ८० प्रूफची चांगली बर्बनही पाणचट ठरते, आणि दोष बाटलीच्या माथी बसतो.

शेवटी, बाटली कधी उघडली ते टिपणात लिहायलाच हवं. ताजी उघडलेली तेज बर्बन पहिल्या घोटात बंद आणि जहाल लागते, आठवड्याने सैल होते. एक तृतीयांश उरलेली बाटली काही महिन्यांत हवेने फिकी पडते, आधी वरची फळं जातात आणि मागे कडवट लाकूड राहतं. उरलेला माल काठोकाठ भरेल अशा छोट्या बाटलीत ओतला तर हे बरंच लांबतं.