जुन्या लुगड्याचं पुढे काय व्हायचं

नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं झिजत नाही. बसण्याच्या जागी आणि कासोट्याकडे ते आधी विरतं, काठ आणि पदर मात्र धड राहतात. मग विरलेला मधला भाग कापून काढायचा, उरलेले तुकडे एकमेकांना शिवायचे, लांबी कमी पडली तर दुसऱ्या जुन्या लुगड्यातलं कापड जोडायचं आणि ते पुन्हा नेसायला काढायचं. याला दंड घालणं म्हणत. धोतरालाही दंड घालत. शिवण दिसायची, पण चारचौघींत त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण चारचौघींची लुगडीही तशीच असायची.

जुन्या साडीची पिशवी किंवा उशीचा अभ्रा कसा शिवावा हे आज हौसेनं शिकवलं जातं. त्यामागचा इतिहास हौसेचा नाही, टंचाईचा आहे.

दंडाचं लुगडंही विरलं की त्यातला धड भाग मुलीच्या परकराला जायचा. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड बाळंतिणीच्या खोलीत लागायचं: दुपटी, लंगोट, टोपडी, झोळी. बायकांच्या पाळीच्या घड्याही त्याच कापडाच्या असत. याचा उल्लेख काटकसरीच्या गोड आठवणींत सहसा येत नाही, पण घरातल्या जुन्या कापडाचा हा मोठा आणि न टळणारा खर्च होता. उरलेलं गोधडीत जायचं. गोधडीही फाटली की तिच्यातून पायपुसणं, चुलीवरून भांडं उतरवायचं फडकं आणि शेवटी पोतेरं. शेणामातीनं चूल सारवणाऱ्या त्या बोळ्याला आणखी खालची पायरी नव्हती.

गोधडीला दक्षिण महाराष्ट्रात वाकळ म्हणतात. तिचं काम उन्हाळ्यातलं. सुगी आटोपलेली असते, अंगण कोरडं असतं आणि पाऊस यायच्या आत अंथरुणं-पांघरुणं तयार हवी असतात. वर-खाली त्यातल्या त्यात बरी लुगडी, मध्ये चिंध्यांचे थर. कापड सरकू नये म्हणून कडेला दगड ठेवायचे. मग कडेपासून आत येणारा चौकोनी धावदोरा. कडेला बसून शिवत आत सरकायचं असल्यामुळे दोन-तीन जणींना एकाच वेळी हात लावता येतो. आतले थर नुसते ऊब देत नाहीत, बाहेरचं कापडही धरून ठेवतात, म्हणून टाके जवळजवळ घ्यावे लागतात. लांब टाक्यांच्या गोधडीत दोन धुण्यांत गोळे होतात. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका अशाच गोधड्या शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. या समाजाचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आफ्रिकन. कवंदीच्या कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावल्याशिवाय त्या काम पुरं झालं असं मानत नाहीत.

हे सगळं टिकलं कारण कापड महाग होतं आणि बाईच्या वेळेला किंमत नव्हती. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तरच हिशोब जुळतो. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली सूतगिरणी काढली आणि पुढे गिरण्यांचं कापड गावोगाव पोचलं. पण रोख पैसा हातात येणार पीक विकल्यावर, त्यामुळे नवं कापड सणाला किंवा लग्नकार्याला. दुसऱ्या महायुद्धात तर शहरातल्या पगारदारांचीही तीच गत झाली. गिरण्यांचा मोठा माल सैन्याकडे वळला आणि १९४३ च्या मध्याला कापडाचे भाव युद्धापूर्वीच्या सुमारे पाचपट झाले. त्या जूनमध्ये सरकारनं कापड आणि सूत नियंत्रण आदेश काढला, कापडावर किमतीचा शिक्का मारणं सक्तीचं केलं. १९४८ च्या सुरुवातीला नियंत्रण उठवलं, भाव भडकले आणि त्याच वर्षी ते परत आणावं लागलं. शर्टाची कॉलर उसवून उलटी लावणं, पँटीच्या बुडाला आतून अस्तर घालणं, मोठ्या भावाचे कपडे आखडून धाकट्याला घालणं या मध्यमवर्गीय सवयी पुढे कितीतरी वर्षं टिकल्या. त्यांना बळ दिलं ते या दशकानं, असं मला वाटतं.

मात्र फाटकं वापरण्याचा अर्थ सगळ्यांसाठी एक नव्हता. मध्यमवर्गीय घरात दंडाचं लुगडं ही काटकसर. गावकुसाबाहेर दुसऱ्याचं टाकलेलं, प्रसंगी मेलेल्याच्या अंगावरचं वस्त्र वाट्याला येणं ही जातीनं लादलेली रीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी खास बोलले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी लुगडं नेसण्याची पद्धत सोडा, लुगडं फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) तर चिंध्यांचाच अंगरखा आपणहून घातला. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. कमी वस्तूंत राहण्याचं कौतुक करताना ते राहणं निवडलेलं की लादलेलं, एवढं तरी आधी पाहावं.

या साखळीला तडा गेला तो कृत्रिम धाग्यानं. १९६० च्या दशकात ठाण्यात पॉलिएस्टर धाग्याचं उत्पादन सुरू झालं आणि टेरिलीन, टेरिकॉट हे शब्द घरोघरी झाले. इस्त्री नको, लवकर वाळतं, वर्षानुवर्षं फाटत नाही. पण न फाटणं हीच पुढच्या वापराची अडचण. नायलॉनची साडी पाणी शोषत नाही, म्हणून तिचं ना दुपटं होतं ना फडकं. सुई सरकन जाते पण टाका धरत नाही, गोधडी घसरते. चुलीजवळ तर ती नेऊच नये. कपाटात धडधाकट पण नकोसे कपडे साठायला लागले, आणि त्यांची वाट बोहारणीनं काढली.

बोहारीण त्याआधीही होतीच. हा धंदा करणाऱ्यांत गुजरातेतून आलेला वाघरी समाज मोठा. कपड्यांच्या बदल्यात काचेच्या, चिनीमातीच्या वस्तूही दिल्या जात. स्टेनलेस स्टील आल्यावर धंद्याला नवी झळाळी आली. दुपारच्या वेळी डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत गाठोडं, आणि दारात ती ठरलेली घासाघीस: ‘एवढ्यात डबा नाही बसत ताई, एक पँट टाका अजून.’ पँटीला भाव, कारण ती पुन्हा विकली जाई. जरीच्या साडीला त्याहून जास्त, कारण खऱ्या जरीतली चांदी जाळून वेगळी काढता येई. विरलेल्या सुती लुगड्याला ती हात लावत नसे. ते घरातच मुरायचं. गोळा केलेले कपडे धुऊन, टाका घालून, इस्त्री करून जुन्या बाजारात जात. दिल्लीत रघुबीर नगरला या समाजाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरतो, तर विकण्याजोगं न राहिलेलं लोकरी कापड पानिपतच्या कारखान्यांत पिंजून त्याच्या घोंगड्या होतात.

भांड्यांची गोष्ट थोडक्यात अशीच. तांब्या-पितळेचं भांडं फुटलं तरी वजनावर मोड म्हणून तांबटाकडे जाई आणि नव्याच्या किमतीतून तेवढे पैसे वजा होत. कल्हईवाला दारात भाता लावून कथील आणि नवसागरावर तेच भांडं पुन्हा वापरात आणून देई. स्टीलला कल्हई लागत नाही. भाईंदरच्या कारखान्यांतून स्वस्त स्टील येऊ लागलं आणि कल्हईवाला गल्लीतून दिसेनासा झाला.

दरम्यान शाळेनं या गोष्टी अभ्यासक्रमात घेतल्या. कोठारी आयोगानं (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली, तास सुरू झाले आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा वहीतला मथळा झाला. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, फुटक्या बांगड्यांचं तोरण. काड्या घरात नसत, म्हणून दुकानातून नव्या कोऱ्या काड्यांचं पुडकं आणायचं आणि त्यातून टाकाऊ वस्तू बनवायची, हा प्रकार दोन-तीन पिढ्यांनी इमानेइतबारे केला. रुखवतातही तेच झालं: वापरायच्या वस्तूंची जागा मांडून ठेवायच्या वस्तूंनी घेतली.

आता गोधडी पुन्हा मागणीत आहे, पण तिचं अर्थशास्त्र उलटं झालंय. पुण्या-मुंबईत ऑर्डरवर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका मजुरी घेतात, ती घ्यायलाच हवी, आणि हाताच्या टाक्याच्या गोधडीची मजुरी नव्या ब्लँकेटच्या किमतीहून सहज जास्त होते. गिऱ्हाईक आईच्या साड्यांचं गाठोडं घेऊन येतं, त्यात निम्म्याहून अधिक सिंथेटिक. अशा साड्या वर दिसायला लावायच्या आणि आत जुनी सुती चादर घालायची, असा मार्ग काढावा लागतो. सुती चादर घरात नसली तर ती विकत आणतात.