शॉकअप 'कडक' केल्याने स्प्रिंग कडक होत नाही

पावसाळ्यात मांडवला (मांडूला) डबलसीट निघायचं ठरलं की इंदूरच्या रामबागेत कुणी ना कुणी सल्ला देतोच, "शॉकअप कडक करून घे, गाडी चिकटून चालेल." मागच्या शॉकअपवरची खाचांची रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते, ही समजूत जुनी आहे, आणि चुकीची.

रिंग फिरवल्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, एवढंच. याला प्रीलोड म्हणतात. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या यांवर ठरतो. मिलिमीटरभर दबायला 20 न्यूटन घेणारी स्प्रिंग पहिल्या खाचेवर तेवढंच घेते आणि पाचव्यावरही. बदलतं ते आपण बसल्यावर गाडी मागून किती खचते ते.

हे खचणं, म्हणजे सॅग, चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण 25 ते 33 टक्के असावं. एकट्याने चालवताना रिंग शेवटच्या खाचेवर ठेवली तर सॅग जेमतेम उरतो. मग खड्ड्यात चाकाला खाली जायला जागाच नसते, टायर क्षणभर हवेत, पकड गेली. (कंबर धरते ती वेगळीच!) डबलसीट आणि वर सामान असेल तर मात्र खाच वाढवावीच, नाहीतर स्पीड ब्रेकरवर शॉकअप तळाला आपटतो. दोन्ही बाजूंची खाच सारखी ठेवा.

खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलत असेल तर रिंगेला हात लावू नका. तो डँपिंगचा, म्हणजे शॉकअपमधल्या तेलाने झुलणं थोपवण्याचा, दोष. शॉकअपच्या दांड्यावर तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर तेल अडवणारं सील गळतंय.